वाढत्या अंगाचे अकरा शर्ट

मारुतअण्णा शिंपी कुणालाही त्याच्या मापाचा कपडा शिवत नसत. शिवता येत नव्हता असं नाही. शिवत नसत. बेंगळूरच्या आमच्या कब्बनपेटेत एक निवृत्त न्यायाधीश राहायचे, वय अडुसष्ट. त्यांनी अण्णांकडे बंद गळ्याचा कोट टाकला. कोट आला तो गुडघ्याला टेकणारा, आणि दोन्ही हात बाह्यांत बेपत्ता. न्यायाधीशांनी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि निकाल वाचून दाखवावा त्या आवाजात विचारलं, "मारुतअण्णा, या वयात मी आता कुठे वाढणार?"

अण्णांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या न काढताच ते म्हणाले, "वाढाल की!"

हे 'वाढाल की' साऱ्या पेठेनं ऐकलेलं होतं. बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्याला तेच, देवळातल्या वाळक्या पुजाऱ्याला तेच. सगळ्यांचे कपडे वाढत्या अंगाचे, शिवणीत दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलेलं. मग सोमवारी जायचं. सोमवार हा दुरुस्तीचा वार. अण्णा गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचे, समोरच्या हॉटेलातून कॉफी मागवायचे, एकीचे दोन पेले करायचे, जगभराच्या गप्पा मारायचे आणि अर्धा इंच कापड आत घ्यायचे. अर्धाच. "सरी, बाकीचं पुढच्या सोमवारी बघू." असं करत करत महिना-सव्वा महिन्यात कपडा अंगाला इतका सुरेख बसायचा की माणूस मागचा सगळा वैताग विसरून जायचा. न्यायाधीशसाहेब सहा सोमवार गेले. सहाव्या सोमवारी कोट घेऊन निघताना ते जरा रेंगाळले होते असं लोक सांगतात.

दुसरी खोड म्हणजे अण्णांना नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. "सकाळी चव्वेचाळीस येऊन गेला, फार तापला होता," असं ते सांगत, आणि ते पोस्टमास्तर होते हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं. मी त्यांचा साडेबत्तीस. आमचं घर दुकानाच्या अगदी समोर, त्यामुळे हा आकडा दिवसातून चारदा गल्लीभर घुमायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी कॉलेजच्या हॉकी संघात लेफ्ट हाफ खेळत होतो, आणि छातीचा असा जाहीर पुकारा कुठल्या खेळाडूला आवडेल?

आमची घराणी बेंगळूरला येऊन किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. घरात मराठी, दारात कन्नड, आणि शिवणयंत्रापाशी दोन्ही. अण्णांच्या दुकानात पूर्वी चार मशिनी चालत. मग राजाजीनगरची नवी वसाहत झाली. धाकट्या भावानं तिथे घर बांधलं आणि तो तीन मशिनी आणि घरातली सगळी माणसं घेऊन तिकडे गेला. अण्णांची बायको त्याआधीच वारली होती. भावानं आग्रह केला, पण अण्णा गेले नाहीत. "तिथे नुसते रिकामे प्लॉट. माप कुणाचं घेऊ, दगडांचं?" असं म्हणून ते एका मशिनीसह मागे राहिले.

आता आमच्या संघाबद्दल. हे पन्नासच्या दशकाच्या शेवटाशेवटाचं सांगतोय. त्या वर्षी शहरातल्या सात कॉलेजांची स्पर्धा होती. प्रत्येकानं प्रत्येकाशी शनिवारी एकेक सामना खेळायचा, आणि वरचे चार संघ बाद फेरीत. पहिलाच सामना आम्ही शून्य-सहा हरलो. समोर होतं कॅन्टोनमेंटातलं कॉलेज, चार वर्षांचे विजेते. त्यांची मुलं खेळताना आपसात इंग्रजीत विनोद करत होती, आणि आम्हाला ते विनोद ऐकायला भरपूर वेळ मिळत होता, कारण चेंडू आमच्याकडे कधी नव्हताच.

सहाच्या सहा गोल ज्याच्यावर झाले तो आमचा गोलरक्षक, शंकर पाटील. सीमाभागातला, चिकोडीकडचा गडी. उंची सहा फूट, पण ती लपवण्यात त्याचं सगळं आयुष्य चाललेलं. त्याच्या कन्नडला बेंगळूरची मुलं हसायची आणि मराठीला आम्ही हसायचो, त्यामुळे तो फारसा बोलतच नसे. दर गोलाबरोबर तो थोडा थोडा वाकत गेला. सामना संपला तेव्हा त्याची हनुवटी छातीत रुतली होती.

सोमवारी प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. ते वनस्पतिशास्त्राचे. आमच्या मैदानावर औषधी वनस्पतींची बाग करायची त्यांची फार जुनी इच्छा. ते गोड हसून म्हणाले, "यंदा अंतिम फेरी गाठा, मैदान तुमचं. नाही गाठली, तर जूनमध्ये मी अडुळसा लावतो." आमचा कॅप्टन बोपय्या कोडगूचा. त्यांच्याकडे म्हणे मूल चालायच्या आधी स्टिक धरतं. हॉकी बंद झाली तर त्याला बेंगळूरात राहण्याचं दुसरं कारणच नव्हतं. खरं म्हणजे आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. अभ्यासासाठी आलो होतो असं फक्त घरी सांगत होतो.

संघाचे प्रमुख होते तर्कशास्त्राचे नरसिंहाचार सर. त्यांना हॉकीतलं काही कळत नव्हतं, पण विचार करायची सवय होती. ते म्हणाले, "अकरा मुलं अकरा रंगांचे शर्ट घालून उतरली तर त्यांना संघ म्हणता येत नाही, गर्दी म्हणतात. आधी एकसारखे शर्ट पाहिजेत. हे तर्काला धरून आहे." आणि मी, मूर्खासारखा, बोलून गेलो की आमच्या गल्लीत एक शिंपी आहेत.

अण्णांनी मापं घेतली. हरलेली अकरा पोरं, एकाचाही खांदा जागेवर नाही. अण्णांनी प्रत्येकाला टेप लावली आणि एकही आकडा लिहून घेतला नाही. शंकरपाशी आल्यावर म्हणाले, "सदतीस." मग त्याच्या पाठीवर तळवा ठेवून जरा वेळ तसेच उभे राहिले. "ए सदतीस, वर बघ रे." शंकर आपल्या बुटांकडेच बघत राहिला.

शर्ट आले. गर्द हिरवे, रंग झकास. घातल्यावर मात्र घोळ कळला. अर्ध्या बाहीचे म्हणून सांगितलेले शर्ट मनगटाला टेकत होते आणि खांद्याची शिवण कोपराकडे निघाली होती. बोपय्या कन्नडमध्ये जे बोलला ते इथे लिहीत नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "वाढाल की!" दुसरा शर्ट शिवायला वेळ नव्हता. त्याच अवतारात आम्ही दुसऱ्या सामन्याला उतरलो, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "झोपायला निघालात काय?" त्या संतापात आम्ही एक-एक अशी बरोबरी केली. आम्हाला ती विजयासारखीच वाटली.

सोमवारी संघ दुकानात हजर. अण्णांनी अकराही जणांना बाकावर, पायरीवर, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवलं. कॉफी आली. सामना कसा झाला ते त्यांनी प्रत्येकाकडून वेगळं ऐकून घेतलं. त्यांना हॉकी ठाऊक नव्हती, त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या मर्जीप्रमाणे सामना सांगू शकत होता. जाताना म्हणाले, "शर्ट इथेच ठेवा. इस्त्री करून शनिवारी सकाळी देतो."

शनिवारी शर्ट घातले तर ते किंचित बरे बसले. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे. "नोडु, बघ, भरला की नाही? शर्ट तोच. तू वाढलास."

एकोणिसाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवतो. आमचा राइट आउट तर दंड वाकवून आरशात बघायला लागला. मी पाहिलं, शंकरच्या शर्टाची कोपराकडे निघालेली शिवण जराशी वर सरकली होती आणि तो तिला पुन्हा पुन्हा बोटानं चाचपून बघत होता. तो सामना आम्ही एक-शून्य जिंकलो. शंकरनं दोन गोल अडवले, दोन्ही पाय एकदम जुळवून, घरचं दार लावावं तसे.

त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारी मी आईचं पोलकं द्यायला दुकानात गेलो. अण्णांनी मला येताना पाहिलं नाही. त्यांच्या मांडीवर हिरवा शर्ट होता, उलटा. बाजूची शिवण उसवलेली. ते अर्धा इंच आत खूण करत होते. शेजारी दहा हिरवे शर्ट तशाच अवस्थेत रांगेनं पडले होते.

"अण्णा!" मी म्हणालो.

त्यांनी सुई थांबवली. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. एवढा वेळ लावला की मलाच अपराधी वाटायला लागलं. "साडेबत्तीस," ते म्हणाले, "सुम्मने राहायचं. कुणाला सांगायचं नाही."

"म्हणजे आम्ही वाढलो नाही? शर्ट लहान होतोय?"

"स्वल्प."

"मग पहिल्यांदाच बरोबर मापाचे का नाही शिवलेत?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "कपडा बसला की गिऱ्हाईक जातं," ते म्हणाले. "बसलेला कपडा घेऊन गेलेला माणूस पुन्हा दारात येतो काय कधी?" मला वाटलं धंद्यातलं काहीतरी बोलतायत. मी आईची शपथ घेऊन तोंड बंद ठेवायचं कबूल केलं आणि घरी आलो.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. संघ जिंकायला लागला होता ना! चौथा सामना जिंकला, पाचवा जिंकला. बोपय्या हसायला लागला. पोरं बसमध्ये मोठ्यानं बोलायला लागली. शंकर एकदा चक्क सगळ्यांदेखत चिकोडीकडचा एक किस्सा सांगून गेला आणि आम्ही हसलो ते त्याच्या किश्शाला. दर सोमवारी दुकानात मैफल, दर शनिवारी नव्या दमानं शर्ट अंगात. आणि मी एकटा मनातल्या मनात हिशेब मांडत होतो की हे सगळं अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या लबाडीवर उभं आहे, आणि कुणी एकानं जरी शर्ट उलटा करून बघितला तरी संपलं. मंगळवार-बुधवारी मी दुकानाकडे बघायचंच सोडून दिलं. जे दिसायला नको ते बघायचं कशाला?

सहावा सामनाही जिंकलो आणि बाद फेरीत शिरलो. उपांत्य सामना कुणाशी? त्याच कॅन्टोनमेंटच्या कॉलेजशी. हा जिंकला की अंतिम फेरी आणि मैदान आमचं. हरला की अडुळसा.

शनिवार उजाडला. सामना चारला. सकाळी बोपय्यानं हॉस्टेलच्या आवारात थोडा सराव घेतला. शंकरनं उजवीकडचा उंच चेंडू हातानं अडवला आणि टर्र असा आवाज झाला. शर्ट बगलेत फाटला होता. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शंकर आपल्या पायावरची पॅडंसुद्धा स्वतः शिवायचा. त्याच्या पेटीत सुई-दोरा असायचाच. तो पायरीवर बसला आणि शिवायला म्हणून त्यानं शर्ट उलटा केला.

मी समोर उभा होतो.

धुऊन धुऊन शर्टाचा रंग विटला होता. शिवणीच्या आत दुमडलेलं कापड तेवढं गर्द राहिलं होतं, आणि त्या गर्द पट्ट्यात जुन्या टिपांची भोकं होती. एक ओळ, तिच्याशेजारी दुसरी. शंकरनं बोटानं ओळी मोजल्या. मग हळूच म्हणाला, "कॅप्टन, हे बघा वो."

पाच मिनिटांत अकरा शर्ट पायरीवर उलटे पडले होते. सगळ्यांत तीच भोकं. बोपय्यानं मला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी मान डोलावली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. राइट आउटचा दंड कुठल्या कुठे गेला.

शंकरनं पॅडं सोडून ठेवली. "आमी काय वाढलो न्हाई," तो म्हणाला. "शर्ट ल्हान केलाय त्यांनी. मी न्हाई उभा ऱ्हाणार आज. परत सहा खायला." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची मान खाली खाली जायला लागली. मला इतकं वाईट आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

नरसिंहाचार सर तेवढ्यात छत्री घेऊन आले. त्यांनी शर्ट पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ज्यानं केलं त्याला विचारावं," ते म्हणाले. दुसरं काही कुणाला सुचत नव्हतं. अकरा मुलं बनियनवर, हातात उलटे शर्ट, पुढे छत्री, अशी आमची वरात कब्बनपेटेत शिरली तेव्हा बारा वाजले होते. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते.

अण्णांनी आमच्या हातांतले शर्ट पाहिले आणि ते उठून उभे राहिले. शंकरनं आपला शर्ट त्यांच्यापुढे टाकला.

"खोटं बोललासा, अण्णा."

"बोललो," अण्णा म्हणाले. "सरी. ते कुठे फाटलंय?"

"बगलंत."

अण्णांनी शर्ट उचलला, सुलटा केला आणि दारातल्या उन्हात धरला. "सदतीस, इकडे बा. आतली भोकं पाहिलीस. बाहेरची पाहिलीस काय?" शिवणीच्या बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशा जागी, भोकांची आणखी एक बारीक ओळ होती. आम्ही ती रोज अंगावर घालून हिंडलो होतो आणि एकाच्याही लक्षात आली नव्हती. "कापड आत घेतलं की जुनी भोकं आत जातात. बाहेर कधी येतात?"

शंकरनं ती ओळ बोटानं चाचपली.

"उसवून सैल केल्यावर!" अण्णा एकदम ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तीन सोमवार मी आत घेतलं. लबाडी केली, ते कबूल. चौथ्या सोमवारी टेप लावली तर आकडा वाढलेला. मला वाटलं, टेप जुनी झाली, आखडली. चिकपेटेच्या बाजारात जाऊन नवी टेप आणली. तोच आकडा! चाळीस वर्षं टेप हातात आहे माझ्या, आणि मी टेपेला खोटी ठरवत बसलो. अकरांचंही तेच. मग दोन सोमवार उसवत बसलो, सैल करत बसलो. भीत भीत केलं, स्वल्पच सोडलं, म्हणून फाटला. अरे, ढगळ शर्ट बगलेत फाटतो काय?"

नरसिंहाचार सरांनी छत्री जमिनीवर आपटली. "नाही फाटत," ते म्हणाले. "घट्ट असेल तरच फाटतो. हे पूर्णपणे तर्काला धरून आहे."

"मग सांगितलं का नाहीत?" बोपय्यानं विचारलं.

"काय सांगू? हे सांगायचं तर आधीचं पण सांगावं लागलं असतं." अण्णांचा आवाज पुन्हा खाली आला. "मग तुम्ही आला असता काय?"

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि शंकरच्या छातीभोवती फिरवली. शंकर तसाच वाकलेला. अण्णा थांबून राहिले. शेवटी शंकरनं एक मोठा श्वास घेतला, आणि मग हळूहळू, जणू दुखतंय अशा बेतानं, तो सरळ झाला. त्याचं डोकं वर टांगलेल्या कोटात शिरलं. अण्णांनी टेपेचं टोक बोपय्याला वाचायला दिलं.

"साडेअडतीस," बोपय्या म्हणाला.

"काढ ते तोंड बाहेर, साडेअडतीस," अण्णा म्हणाले. "शर्ट दे इकडे." अण्णांनी एखाद्याचं नाव बदललेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

हिरवं कापड शिल्लक नव्हतं. त्यांनी शर्टाच्याच मागच्या टोकातून दोन चौकोनी तुकडे कापले आणि बगलांत बसवले. मशीन वीस मिनिटं चालली. मग त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, तेही शनिवारी भरदुपारी. सुई-दोऱ्याची डबी खिशात टाकली आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढले. हॉकीचा सामना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या दिवशीही पाहिला नाही म्हणायला हरकत नाही. ते आमच्या गोलमागे जाऊन उभे राहिले. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलल्यावर धावत दुसऱ्या गोलमागे गेले. तिथून त्यांना चेंडू दिसत होता की नाही देव जाणे. शंकरची पाठ मात्र दिसत होती. मी लेफ्ट हाफ, वरचेवर मागे यायचो, तेव्हा मला अण्णांचे ओठ हलताना दिसायचे. पहिल्या अर्ध्यात गोल नाही. कॅन्टोनमेंटवाल्यांच्या विनोदांचा आवाज यावेळी जरा कमी होता. दुसऱ्या अर्ध्यात बोपय्यानं तिघांना चुकवून एक गोल टाकला आणि त्यानंतरची पंचवीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंचवीस मिनिटं ठरली. समोरचे नुसते चालून येत होते. माझ्या नडगीवर दोन स्टिका बसल्या होत्या.

शेवटचं मिनिट. त्यांना शॉर्ट कॉर्नर. आम्ही पाच जण गोलरेषेवर वाकून उभे, मध्ये शंकर. मागून अण्णांचा आवाज आला, "साडेअडतीस!" एवढंच. चेंडू आत आला, अडला, आणि त्यांच्या फुलबॅकनं तो असा हाणला की मला फक्त आवाज ऐकू आला. शंकर उजवीकडे झेपावला. पूर्ण उंचीनं, सहाच्या सहा फूट, हात डोक्याच्या वर ताणून. चेंडू तळव्याला लागून खांबाबाहेर गेला आणि शिट्टी वाजली.

आम्ही सगळे शंकरवर पडलो. त्या ढिगाऱ्यात अण्णा कधी घुसले कळलं नाही. त्यांनी शंकरचा हात वर धरला, बगलेतल्या चौकोनावरून अंगठा फिरवला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "टिकलं." मग घाबऱ्याघुबऱ्या आवाजात नरसिंहाचार सरांना विचारलं, "जिंकलो काय हो?"

अंतिम सामना आम्ही शून्य-तीन हरलो. सपशेल हरलो, आणि त्याचं फारसं कुणाला दुःखही झालं नाही. मैदान राहिलं. प्राचार्यांनी शब्द पाळला आणि अडुळसा कुंड्यांत लावला. अण्णांनी अकराही शर्ट एकदा शेवटचे दुरुस्त केले. आता ते इतके अचूक बसत होते की हात लावायला जागा नव्हती. नरसिंहाचार सरांनी ते धुऊन, घडी घालून, कॉलेजच्या कपाटात कुलुपात ठेवले.

मग सोमवार आला. संध्याकाळी मी सहज खिडकीतून समोर पाहिलं. अण्णांनी बाक पुसून ठेवला होता. गठ्ठे बाजूला सारून पायरी मोकळी केली होती. मशीन बंद होती. ते दाराच्या चौकटीला टेकून रस्त्याच्या टोकाकडे बघत होते, आणि कुणी वळून आलं की जरा सरळ होत, मग पुन्हा टेकत. हॉटेलातल्या माणसानं विचारलं, "अण्णा, कॉफी किती?" अण्णांनी मानेनंच नको म्हटलं. तेव्हा कुठे मला त्यांचं ते 'कपडा बसला की गिऱ्हाईक जातं' कळलं, आणि मी घरातून बाहेर पडलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

कोपऱ्यावर विजेच्या खांबाआड बोपय्या उभा होता. आमचा कॅप्टन, इस्त्रीची घडी मोडली तर दिवसभर कुरकुरणारा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आपल्या स्वच्छ पांढऱ्या शर्टाचं वरून दुसरं बटण मुठीत धरलं आणि हिसडा देऊन तोडलं. मला बघून तो कानापर्यंत लाल झाला. "आपोआप तुटलं," तो म्हणाला.

आम्ही दोघं दुकानाशी पोचलो तर आमच्याआधी शंकर पायरीवर जाऊन बसला होता. त्याच्या हातात तीन बटणं होती. राइट आउट पलीकडून येतच होता, छातीशी शर्ट धरून. मी माझ्या कफाचं बटण पाठीमागे हात नेऊन तोडलं.

अण्णांनी चष्मा लावला आणि आमच्याकडे एकेकाकडे नीट पाहिलं. तुटलेले दोरे ताजे होते. चाळीस वर्षं धंद्यात घालवलेल्या माणसाला ते कळणार नाही असं होतंय होय? त्यांनी सुईत दोरा ओवला. मग त्यांनी समोरच्या हॉटेलाकडे बघून बोटं दाखवली, किती कॉफी ते, आणि म्हणाले, "फार काम आहे हे. आज दोघांचीच होतील. बाकीच्यांनी पुढच्या सोमवारी यायचं."